'प प प कशाला?' : अनुप्रास किती आणि कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळी अंकासाठी तुम्ही पावसावर ललित लेख पाठवलात. तो परत आला तेव्हा पहिल्या वाक्याशेजारी पेन्सिलीने 'प प प कशाला?' एवढंच लिहिलेलं होतं. शाळेत अनुप्रास हा अलंकार म्हणून शिकवला, मग तो लिहिल्यावर चुकलं कुठे, आणि वापरायचाच असेल तर त्याचं काही माप आहे का, हे तुम्हाला हवं आहे. ते वाक्य असं:

'पहिल्या पावसाने परसातली पाने पुलकित झाली, पक्ष्यांनी पंख पसरले आणि पायवाटेवर पाण्याचे पाट पळू लागले.'

मापाचं आधी सांगून टाकते: सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. बालगीताला जे चालतं ते अग्रलेखाला चालत नाही. निवेदनात जे टाळ्या घेतं ते कागदावर पोरकट दिसतं. तुम्ही गद्य लिहिता आहात आणि ते शांतपणे, एकट्याने वाचलं जाणार आहे, हे धरून पुढचं सगळं लिहिते. मी वीसेक वर्षं नभोवाणीसाठी संहिता लिहिल्या. आता इतरांची हस्तलिखितं वाचते. म्हणजे कानाची सवय जुनी आणि लाल पेनाची नवी. माझ्या मतांत पहिल्या सवयीचा पक्षपात असणारच.

तुम्ही अनुप्रास जास्त वापरलात अशी तुमची समजूत झाली आहे. मला वाटतं, तुम्ही तो डोळ्यांनी वापरलात, आणि खरी अडचण तीच आहे.

आजकाल बहुतेकांच्या डोक्यात अनुप्रासाची जी व्याख्या असते ती अर्धी इंग्रजी शाळेतून आलेली असते: लागोपाठच्या शब्दांचं पहिलं अक्षर सारखं असलं की झाला अनुप्रास. इंग्रजीपुरतं ते बरोबर आहे. त्या भाषेत शब्दातल्या एका अवयवावर ठळक आघात पडतो आणि तो बऱ्याचदा शब्दाच्या तोंडाशी असतो, त्यामुळे तिथला व्यंजनध्वनी कानात घुमतो. अगदी जुनं इंग्रजी काव्य तर यमकावर उभं नव्हतंच, या आघाताखालच्या ध्वनींवरच उभं होतं. मराठीत तसा ठोका नाही. आपण शब्द बऱ्यापैकी सपाट बोलतो. म्हणून आपल्याकडे ध्वनी शब्दाच्या पोटात आला काय किंवा शेपटीला आला काय, कान त्याला सारखंच मोजतो. 'कामापुरता मामा' घ्या. एकाही शब्दाचं पहिलं अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही, तरी 'मा' हा अवयव तीनदा येतो आणि म्हण जिभेवर बसते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांची व्याख्या याच अंगाने जाते. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित मम्मट 'वर्णसाम्यमनुप्रासः' म्हणतो. पहिलं अक्षर वगैरे काही नाही. स्वर वेगळे असले तरी चालतील, व्यंजनं सारखी हवीत, एवढीच त्याची अट. मग तो शब्दाची फोड करतो, आणि ती मला फार आवडते: रसाला धरून केलेला उत्तम न्यास, म्हणजे मांडणी, तो अनु-प्र-आस. शाळेतल्या तक्त्यात छेकानुप्रास, वृत्त्यनुप्रास, लाटानुप्रास अशी नावं पाठ होतात आणि 'रसाला धरून' हे दोन शब्द तेवढे गळतात. तुमचं वाक्य त्या गळलेल्या दोन शब्दांपाशी अडलं आहे.

आता वाक्याकडे. त्यात वाईट काय आहे त्याआधी चांगलं काय ते सांगते, कारण संपादकांनी ते सांगितलेलं नाही. 'पायवाटेवर पाण्याचे पाट' हा तुकडा उत्तम आहे. तिथे प आहे, पण 'वाटेवर' आणि 'पाट' यांतला टही आहे, आणि मुख्य म्हणजे पहिल्या सरीनंतर पायवाटेवर खरोखर पाट होतात. ध्वनी आणि दृश्य एकाच ठिकाणी भेटले आहेत.

'पुलकित' मात्र पोशाख बदलून आलेला पाहुणा आहे. परसात पानं आहेत, पायवाट आहे, सगळं घरचं आहे, आणि मध्येच हा संस्कृत शब्द जरीचा शेला घेऊन उभा. ओढूनताणून आणलेल्या अनुप्रासाची सगळ्यात सोपी खूण हीच: शब्दाची पातळी बदलते. मराठीत हा मोह जास्त होतो, कारण आपल्याकडे एकेका वस्तूला तीन-तीन थरांतले शब्द आहेत. पाणी, जल, नीर, उदक. 'प' नको असेल तर 'ज' मिळतो, 'ज' नको तर 'न'. अक्षर जुळवायला ही चैन असते, पण 'हापशाचं नीर' लिहिलं की वाचक हसतो.

आणि 'पक्ष्यांनी पंख पसरले' ही माझ्या मते खरी चूक. पहिला पाऊस कोसळायला लागतो तेव्हा पक्षी काय करतात हे तुम्ही पाहिलेलं असणार. आकसून बसतात. पंख पसरून वाळवायचे ते नंतर. तुम्ही पक्षी पाहिले नाहीत, पचं अक्षर पाहिलं. वाचकाला 'प फार झाले' असं जे वाटतं ते बऱ्याचदा मोजणीमुळे वाटत नाही. अक्षराच्या नादाने खोटं बोललं गेलेलं त्याला कळतं, फक्त काय खटकलं ते त्याला नीट सांगता येत नाही, म्हणून तो अक्षराकडे बोट दाखवतो. तुमच्या संपादकांचं तसंच झालं असावं.

मी ते वाक्य असं फिरवून पाहिलं: 'पहिला पाऊस आला तेव्हा परसातली अळूची पानं आधी वाजली, मग भिजली. कावळा कुंपणाच्या काठीवर अंग आकसून बसला. पायवाटेवर पाण्याचे पाट झाले.' मला ते बरं वाटलं, म्हणून घरात मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या नव्वदीतल्या सासूबाई म्हणाल्या, ''अगं, अळूचं पान कधी भिजतं का?'' बरोबर होतं. अळवावरचं पाणी हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरला आणि 'वाजली–भिजली' या जोडीच्या नादात विसरले. तुम्ही पच्या खड्ड्यात पडलात, मी 'जली'च्या. आता ते 'अळूची पानं नुसती वाजत राहिली' असं आहे. नाद थोडा कमी झाला, पान खरं झालं.

त्या दुरुस्तीत क किती आहेत ते मोजा: कावळा, कुंपण, काठी, आकसून. चार. तुमच्या पहिल्या अर्ध्या वाक्यातही प जवळपास तेवढेच आहेत. मग हे कमी का टोचतं? एक तर चौथा क 'आकसून'च्या पोटात लपलेला आहे. दुसरं, 'च्या', 'वर', 'अंग' असे बिनकचे तुकडे मध्ये श्वास देतात. तिसरं, कावळ्याला कुंपणाची काठीच शोभते, तिथे 'आंब्याची फांदी' लिहिली असती तरी चाललं असतं, पण काठी जास्त ओकीबोकी आहे आणि मला ते ओकंबोकंपण हवं होतं. या तिसऱ्या कारणाला मी सगळ्यात जास्त किंमत देते. कामाच्या वेळी माझी कसोटी हीच असते: जुळलेला शब्द काढून त्या जागी न जुळणारा समानार्थी शब्द ठेवायचा. अर्थ उणा झाला तर जुळलेला शब्द परत घ्यायचा. नुसता नाद उणा झाला तर तुमची मर्जी. आणि अर्थ उलट उजळला तर जुळलेला शब्द बिनदिक्कत फेकायचा. 'पुलकित'च्या जागी 'ताजी' ठेवून बघा.

कान आणि डोळा यांचा मुद्दा जरा लांबवते, कारण मराठीत तो फार मजेशीर आहे आणि पुस्तकात सहसा नसतो. आपल्या च, ज, झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चोर', 'चांदणं', 'चालणं' यांतला च दातांकडे झुकतो, 'चिमणी', 'चेहरा', 'चंद्र' यांतला टाळूवर लागतो. लिहिताना अक्षर एकच. 'चोराची चाहूल चिमणीला लागली' या वाक्यात डोळ्याला एकच च दिसतो, पण कानाला 'चोरा' आणि 'चाहूल' एका घरचे लागतात, 'चिमणी' दुसऱ्या घरची. 'जगू न देणारं जग' हेही तसंच: अक्षरं तीच, नाद वेगळा. या उलट 'चोराच्या मनात चांदणं' म्हणून पाहा. ती म्हण ज्यांनी घडवली त्यांना लिहिता येत होतं की नाही कोण जाणे, पण शब्दांच्या तोंडाशी असलेले दोन्ही च एकाच जातीचे निवडले गेले आहेत.

ळचंही असंच. वऱ्हाडी बोलीत 'डोळे' हे 'डोये' होतात. तुम्ही ळवर ळ रचून एक नाजूक वाक्य विणलंत आणि ते मूर्तिजापूरच्या एखाद्या आजीने आपल्या बोलीत वाचलं, तर ती वीण तिच्या तोंडी उसवलेली असेल. यावर उपाय नाही आणि शोधूही नये, पण कोणासाठी लिहितो हे माहीत असावं.

कानाला एकसारखे नसले तरी शेजारी वाटणारे ध्वनीही असतात. क आणि ख, त आणि द, प आणि भ. तोंडात एकाच जागी घडणारे. शास्त्रात याला श्रुत्यनुप्रास म्हणतात. 'खायला काळ, भुईला भार' ही म्हण मी नवशिक्यांना नेहमी उलगडून दाखवते. भुई आणि भार यांत भ उघड आहे. पण पहिल्या अर्ध्यातही 'खा' आणि 'का' एकाच जागेचे शेजारी आहेत, वर 'आ'ने बांधलेले. म्हणजे दोन्ही अर्ध्यांत जोडी आहे, एक झाकलेली आणि एक उघडी. दोन्ही उघड्या असत्या तर म्हण खेळण्यासारखी वाजली असती. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास दंडी नावाचा काव्यशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने एक गमतीदार नोंद केली आहे: गौडांना, म्हणजे पूर्वेकडच्यांना, ठसठशीत अनुप्रास प्रिय, वैदर्भांना त्यापेक्षा हा शेजारच्या ध्वनींचा मंद मेळ जास्त पसंत. वैदर्भी रीती, म्हणजे काव्यशैली, तिच्यातला तो 'विदर्भ' आपलाच. नागपूर-अमरावतीच्या लेखकांनी ही गोष्ट भिंतीवर लावायला हरकत नाही.

आता जो भाग माझ्या मते तुमच्या सगळ्या लेखाला लागू आहे, फक्त त्या एका वाक्याला नाही. मराठी गद्यात मुद्दाम केलेल्या अनुप्रासापेक्षा नकळत झालेला अनुप्रास जास्त छळतो. आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांमुळे. 'गावाच्या वेशीच्या बाहेरच्या वडाच्या पाराच्या मागच्या बाजूला' असं आपण सहज लिहून जातो. सहा 'च्या'! कोणी याला अलंकार म्हणणार नाही, पण कानाला तो अनुप्रासच आहे, फक्त बेवारशी. तुमच्या पानभर मजकुरात मी एका परिच्छेदात 'च्या' अकरा वेळा मोजला आणि पाच वाक्यं 'होते'वर संपलेली पाहिली. ही खडखड चालू असताना वर तुम्ही पचा तबला सुरू केलात, तर वाचकाला काहीच ऐकू येत नाही. म्हणून आधी हे साफ करा. 'वेशीबाहेर वड आहे, त्याच्या पारामागे' म्हटलं की एकच 'च्या' उरतो. शब्दयोगी अव्यय मूळ शब्दाला चिकटवा, लांब वाक्य दोन जागी तोडा, दोन वाक्यांपैकी एकातलं 'होते' गाळता येतं का पाहा. एवढं केल्यावर कित्येकदा लक्षात येतं की वेगळा अनुप्रास हवाच नव्हता.

हवा असेल तर भाषेने तो आधीच तयार करून ठेवला आहे. केरकचरा, खाचखळगे, गणगोत, पालापाचोळा, पैपाहुणा, बाडबिस्तरा, भोळाभाबडा, सगेसोयरे. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झालेले आहेत, त्यांत कारागिरी दिसत नाही. 'वाळलेली पाने' लिहिण्याऐवजी 'पालापाचोळा' लिहिलात तर पचा नादही आला आणि कोणी पेन्सिल उचलणार नाही. (गंमत म्हणजे आपल्याकडे याच्या नेमकी उलट खोडही आहे: चहाबिहा, जेवणबिवण. तिथे पहिलं व्यंजन मुद्दाम मोडून 'बि' घालतात आणि वस्तूची किंमत उतरवतात. पहिला ध्वनी राखला की शब्द भरतो, मोडला की विस्कटतो. यावर कधीतरी निवांत लिहायचं आहे.)

कोणतं अक्षर कोणत्या भावाला, असं एक कोष्टक तुम्ही मागितलं आहे. जुन्यांनी ते दिलेलं आहे: शृंगार-करुणाला कोमल वर्ण, तिथे ट-वर्ग टाळा, वीर-रौद्राला जोडाक्षरं, ट-ठ-ड-ढ. मराठीत हे अर्धंच चालतं. 'खडक', 'ठेच', 'ढेकूळ', 'धडपड' यांत ट-वर्ग खरखरीत वाजतो, कबूल. पण ळ आणि ण हेही जीभ मागे वळवूनच उच्चारायचे, आणि आपल्या भाषेतले सगळ्यात हळवे शब्द ळचेच: कोवळा, सावळा, मवाळ, जिव्हाळा. लगेच कोणी म्हणेल ळ म्हणजे माया. मग 'वादळ' आणि 'खवळलेला' कुठे टाकायचे? अक्षराला स्वतःचा स्वभाव फारसा नसतो. शेजारच्या शब्दांचा अर्थ त्याला चढतो. म्हणून कोष्टक देत नाही.

प्रमाणाबद्दल माझा स्वतःचा धडा. एका शेतीविषयक कार्यक्रमाच्या संहितेत मी लिहिलं होतं: 'शासनाच्या सहकार्याने शेतकऱ्यांसाठी सुरू झालेली शाश्वत सिंचन योजना'. कागदावर छान दिसत होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी निवेदक तीनदा अडखळले, चौथ्यांदा 'साश्वत शिंचन' म्हणाले आणि काचेपलीकडून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. श आणि स एकत्र गुंफले की जीभ घसरते, हे लहान मुलालाही कळतं. 'चटईला टाचणी टोचली' आपण हसण्यासाठीच म्हणतो ना. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या वाक्यात एका ध्वनीला मी साधारण दोन, फार तर तीन जागा देते, आणि त्या जागा सलग घेत नाही. हा नियम म्हणून घेऊ नका, माझ्या अपमानाचं फलित आहे ते.

जागा कुठली, हे संख्येपेक्षा महत्त्वाचं. सारखा ध्वनी दोन शब्दांना डिंकासारखा चिकटवतो. त्यामुळे जे दोन शब्द वाचकाच्या मनात एकत्र राहावेत असं तुम्हाला वाटतं, त्यांनाच तो लावायचा. 'कोल्हा काकडीला राजी' यात कोल्हा आणि काकडी यांची विसंगत जोडीच तर म्हणीचा जीव आहे, आणि क नेमका त्या दोघांवर आहे. 'राजी'ला काही जुळवलेलं नाही. तुमच्या वाक्यात पहिला, पाऊस, परस, पानं, पक्षी, पंख, पायवाट, पाट सगळेच एकमेकांना चिकटले, म्हणजे कोणीच कोणाला चिकटलं नाही. विशेषण आणि नाम यांची जोडी जुळवण्यापेक्षा कर्ता आणि क्रियापद, किंवा दोन विरोधी नामं जुळवलेली मला जास्त आवडतात. 'मंद मधुर मोहक' असली विशेषणांची माळ तर कोणत्याही अक्षराची असो, काढाच.

एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांत अख्खी गोष्ट सांगणारे मजकूर आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरतात, आणि तुम्ही विचारलंय की त्यांना साहित्य म्हणायचं का. कसरत म्हणायचं. कसरतीला मी कमी लेखत नाही. बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) हे या बाबतीत आपल्यातले मोठे पहिलवान. त्यांनी ओठांवरचे वर्ण, म्हणजे प फ ब भ म, टाळून निरोष्ठ रामायण रचलं. म गेला म्हणजे 'राम' हे नावच गेलं, आणि रामाची कथा रामाचं नाव न घेता सांगायची. अशी अट घालून घेणाऱ्याला प्रत्येक ध्वनी कुठे आहे हे झोपेतही कळत असणार. तुम्हीही एक खेळ म्हणून आपला परिच्छेद एकही 'प' न वापरता पुन्हा लिहून पाहा. छापायला नव्हे. 'पाऊस'च्या जागी 'सर', 'पाणी'च्या जागी 'ओहोळ' असं शोधताना, कोणता प खरोखर लागतच होता ते उघडं पडेल. त्यांना परत घ्या, बाकीच्यांना सोडा.

शेवटी तुमचा छोटा प्रश्न: लेखाचं नाव 'परसातला पहिला पाऊस' ठेवू का? लेख मी वाचला. त्यात पहिल्या पावसाला एक परिच्छेद आहे, उरलेला सगळा लेख श्रावणात गळणाऱ्या पडवीबद्दल आहे. तेव्हा 'पहिला' तिथे फक्त पसाठी आहे. 'परसातला पाऊस'ही पुरेसं खरं नाही, कारण पाऊस पडवीत आला आहे. 'पडवीतला पाऊस' करा. दोनच प आहेत, आणि पाऊस जिथे असायला नको तिथे आहे.